दुसरीचा वर्ग आणि वस्तीतले जाणकार : घरच्या माणसांना वर्गात कसे बोलवावे?

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नवी मुंबईत बेलापूरच्या खाडीजवळच्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी दुसरीचा वर्ग घेते. पटावर ४१ मुले आहेत. काही दिवाळे गावातल्या कोळ्यांच्या घरची, काही आगऱ्यांच्या घरची, तर बरीचशी बांधकामावर, हॉटेलात, रिक्षावर किंवा सेक्टरांतल्या घरकामावर ज्यांचे पोट आहे अशा कुटुंबांतली आहेत. गेली तीन वर्षे मी या मुलांच्या घरच्या माणसांना वर्गात बोलावते आहे. त्यात जे जमले आणि जे चुकले ते दोन्ही मांडावे आणि इतर शिक्षक-पालकांचे अनुभव ऐकावेत, यासाठी हा धागा काढला आहे.

चुकलेले आधी सांगते. पहिल्या वर्षी जूनमध्ये मी 'आपले मदतनीस' हा बाजारात मिळणारा छापील तक्ता भिंतीवर लावला. पोलीस, पोस्टमन, डॉक्टर, सैनिक, शेतकरी, शिक्षिका अशी त्यावरची चित्रे सर्वांच्या ओळखीची असतील. एकेका मुलाला उभे करून मी 'तुझे बाबा काय करतात?' असे विचारले आणि त्याच्या नावाची चिठ्ठी योग्य त्या चित्राखाली चिकटवायला सांगितली. एका मुलाने आपली चिठ्ठी पोलिसाच्या चित्राखाली लावली. पंधरा दिवसांनी त्याची आई कुठल्याशा दाखल्यासाठी आली असता बोलता बोलता कळले, की त्याचे वडील एका हॉटेलात रात्रपाळीला भांडी घासतात. तेवढ्यात तिची नजर तक्त्यावर गेली. मुलाचे नाव तिने ओळखले, वरचे चित्र पाहिले आणि एक शब्दही न बोलता ती निघून गेली. सात वर्षांच्या मुलाला खोटे बोलावे लागेल अशी मांडणी मीच करून ठेवली होती, कारण त्याच्या बापाला बसायला त्या तक्त्यावर जागाच नव्हती.

तो तक्ता मी त्याच दिवशी उतरवला. त्यानंतर मी कामाचे नाव विचारत नाही. 'तुमच्या घरात कोणाला काय छान करता येते?' एवढाच प्रश्न मुलांना घरी न्यायला सांगते. पदाचे नाव विचारले की कोण वर आणि कोण खाली हे मुलांना लगेच कळते. हातातले काम विचारले की प्रत्येक घरात सांगण्यासारखे काही निघतेच. उत्तरे अशी आली : माझी आजी पावसात विझणारी चूल पेटवते, माझी मावशी गजरा गुंफते, माझा काका भिंत ओळंब्यात घेतो, माझे बाबा एका हातात सात ताटे धरतात.

हे शेवटचे उत्तर त्याच मुलाचे होते. त्याचे वडील एका सकाळी पाळी संपवून थेट शाळेत आले. हॉटेलात धुतलेल्या ताटल्या ते दहा-दहाच्या थप्प्यांत रचतात, म्हणजे किती झाल्या हे मोजत बसावे लागत नाही. पोषण आहाराच्या ताटल्या घेऊन त्यांनी मुलांसमोर थप्प्या लावल्या : चार थप्प्या आणि वर तीन. दशक-एककासाठी मी काड्यांचे गठ्ठे दोन वर्षे वापरत होते, तरी 'त्रेचाळीस' ऐकून ३४ लिहिणारी मुले वर्गात होतीच, कारण मराठीत आधी तीन ऐकू येते आणि मग चाळीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचनही दिले गेले, तेव्हा त्यावरून केवढा वाद झाला होता हे आठवत असेल. वादाच्या कोणत्याही बाजूला न जाता सांगते, की आमच्या वर्गात आता 'चार थप्प्या तीन, त्रेचाळीस' असे म्हणतात आणि उलटे लिहिणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

आता प्रश्न. तुमच्या मुलांच्या वर्गात असे काही होते का? होत असेल तर बोलावलेली माणसे नेमके काय करतात आणि ती गेल्यानंतर वर्गात काय उरते? माझ्या मते खरी कसोटी या दुसऱ्या प्रश्नाची आहे. हार, नारळ आणि भाषण होऊन गेलेल्या भेटीतून मुलांच्या वहीत काहीच उतरत नाही, हेही मी पाहिले आहे.

नौपाडाकर

ताई, आपण तक्त्याचा प्रसंग लपवून न ठेवता लिहिलात याबद्दल मनापासून आभार. मी ठाण्यात ३४ वर्षे पहिली ते चौथीचे वर्ग घेऊन निवृत्त झालो आहे आणि तसाच तक्ता मीही अनेक वर्षे लावत होतो.

आपण करता आहात त्याची मुळे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात मोडतो. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्याआधी हे सारे ठाणे जिल्ह्यातच होते. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा आज देशभर रुळलेला शब्द तिथला आहे. जी मुले दिवसभर गुरे राखत, त्यांच्यासाठी त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरे जिथे चरतात तिथेच शाळा. पाने, बिया, खडे आणि शंख हेच तिथले शैक्षणिक साहित्य होते.

कोसबाडचे नाव घेताना 'मुलांना निसर्गात नेले' एवढेच सांगितले जाते. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. आईबापांचे काम म्हणजे शिक्षणातली अडचण, असे तिथे मानले गेले नाही. गुरे राखणे हे त्या मुलाचे जगणे आहे हे मान्य करून वेळापत्रक आखले गेले. आपल्याकडे आज मूल गैरहजर राहिले की हजेरीपटावर फुली पडते आणि पालकांना समज दिली जाते.

एक सूचना मात्र करतो. भेटीचा विषय चालू पाठाशी आधीच जोडून ठेवावा. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्यातून निरनिराळे दिनविशेष, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे वजा केले तर शिकवायला काय उरते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

सेक्टर सात

मी शिक्षिका नाही. माझी मुलगी दुसरीत आहे आणि मला इथे थोडे वेगळे मत मांडायचे आहे. कृपया गैरसमज नसावा.

तिच्या शाळेत गेल्या वर्षभरात कुंभार आले, अग्निशमन दलाचे जवान आले, कोणाच्या तरी आजींनी जात्यावर दळून दाखवले. फोटो आम्हा सर्व पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आले आणि पाहून आनंदही झाला. परंतु माझी मुलगी आजही जोडाक्षर आले की थांबते. 'पुस्तक' हा शब्द ती 'पु... स... तक' असा तोडून वाचते. आम्ही दोघेही नोकरीला जातो, संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत साडेसात होतात, त्यामुळे तिचे वाचन शाळेतच व्हायला हवे अशी माझी अपेक्षा आहे. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हेच २०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानाचेही उद्दिष्ट आहे ना? मग आधी वाचन पक्के करावे आणि पाहुण्यांना नंतर बोलवावे, असे का करू नये? ज्या घरी पुस्तके आहेत आणि शिकवायला कोणी आहे, ती मुले कसेही वाचायला शिकतील. ज्यांच्या घरी ते नाही, त्यांचा शाळेतला तास असा खर्च होणे मला न्याय्य वाटत नाही.

खाडीकाठ

सेक्टर सात, गैरसमज मुळीच नाही. आपली तक्रार रास्त आहे, आणि भेट म्हणजे वाचनाची सुट्टी असेल तर मीही आपल्याच बाजूने उभी राहीन. म्हणून एक भेट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते.

जून आणि जुलैत मासेमारी बंद असते. होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि जाळ्यांची दुरुस्ती चालू असते. कोळी घरांना त्यातल्या त्यात सवड याच दिवसांत मिळते, म्हणून गेल्या जुलैत मी एका मुलीच्या आजींना बोलावले. आदल्या दिवशी मुलांनी त्यांना विचारायचे प्रश्न ठरवले आणि मी ते फळ्यावर लिहून घेतले. प्रश्न मुलांच्याच तोंडचे होते, त्यामुळे ते सर्वांना वाचता आले. फळ्यावर काय लिहिले आहे हे त्यांना आधीच ठाऊक होते. अडखळणाऱ्या मुलांसाठी मला यापेक्षा चांगला वाचनपाठ ठाऊक नाही.

आजी जाळ्याचा एक तुकडा, विणायची लाकडी सुई आणि सुक्या मासळीची टोपली घेऊन आल्या. २५ मिनिटे बसल्या. त्या निघाल्यावर आम्ही शब्दांच्या पट्ट्या केल्या. जाळे, होडी, वल्हे, खाडी, मीठ, टोपली, बोंबील आधी झाले. मग एक मुलगा म्हणाला, 'बाई, म्हावरं लिहा.' मी 'म्हा' लिहून दाखवला. त्यापाठोपाठ 'सुक्या', 'तिसऱ्या', 'चिंबोऱ्या', 'कोळंब्या' हे शब्द आले. मांदेली, जवळा, निवटी अशी नावे तर मला थांबवावी लागली. ज्या जोडाक्षरांसाठी मी महिनाभर घासले होते, ती त्या दिवशी मुलांनी मागून घेतली. 'क्या' आणि 'ऱ्या' ही अक्षरे त्यांना सापडली ती रोज तोंडात असलेल्या शब्दांत. पुस्तकात नंतर भेटली तेव्हा ती ओळखीची झाली होती. आठवडाभर त्या पट्ट्या दोरीवर टांगलेल्या होत्या आणि दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने आजींना तीन ओळींचे पत्र लिहिले. ४१ पैकी ३३ मुलांनी स्वतः लिहिले, उरलेल्या आठजणांनी सांगितले आणि मी लिहून घेतले.

फोटोंविषयी आपण लिहिलेत ते मला फार पटले. ज्या दिवशी भेट असते त्या दिवशी मी वर्गात मोबाइल काढत नाही.

मिठागर

मी आगरी. आमचे गाव आता चारही बाजूंनी सेक्टरांनी वेढले आहे. धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो.

खाडीकाठ बाई, तुम्ही 'म्हावरं' फळ्यावर लिहिलेत ही गोष्ट तुम्हाला वाटते त्याहून मोठी आहे. माझ्या लहानपणी वर्गात 'म्हावरा' म्हटले की 'मासे म्हण' असे ऐकावे लागे आणि 'बापूस' म्हटले की सगळा वर्ग हसे. दोन-चार वेळा हसू झाले की मूल बोलायचेच सोडते, आणि जे मूल बोलत नाही ते लिहिणार काय? माझा मुलगा आता पहिलीत आहे. तो घरी एक भाषा बोलतो आणि शाळेच्या फाटकातून आत गेला की गप्प होतो. त्याच्या बाईंचे लक्ष नाही असे मी म्हणणार नाही; त्या कष्टाळू आहेत, पण त्यांना आमची बोली येत नाही आणि तो चुकीचे मराठी बोलतो असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात घरची भाषा आणि मातृभाषा यांवर भर आहे, परंतु घरची भाषा म्हणजे पुस्तकातली प्रमाण मराठी असेच आपण धरून चालतो.

माझ्या वडिलांना पहिलीच्या वर्गात बोलावण्याची विनंती मी आता करणार आहे. ते ७६ वर्षांचे आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची; म्हणजे आमच्या जमिनींचे संपादन सुरू झाले तेव्हा ते ऐन तरुण होते. आज जिथे शाळेचे मैदान आहे तिथे भाताची खाचरे होती आणि पलीकडे मिठागर होते. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, हे माझ्या मुलाला मी सांगितले तर तो ऐकून सोडून देतो. आजोबांनी त्याच्या मित्रांसमोर मातीचे छोटे वाफे करून, खारे पाणी भरून, उन्हात ठेवून चार-पाच दिवसांनी मीठ काढून दाखवले तर तो जन्मभर विसरणार नाही. जमिनीचे काय झाले, तिच्या मोबदल्यातल्या साडेबारा टक्के भूखंडांसाठी काय काय सोसले, हे सहा वर्षांच्या मुलांना सांगण्याचे विषय नाहीत, ते वडिलांनाही समजते. मीठ कसे पिकते हे मात्र आत्ताच सांगण्यासारखे आहे.

कोलशेत रोड

आमचा प्रश्न उलटा आहे. आमच्या मोठ्या संकुलातल्या शाळेत जवळपास सर्व पालक संगणकासमोर बसणारे. 'तुझ्या घरी कोणाला काय करता येते' या प्रश्नाला बहुतेक मुलांनी 'मीटिंग' असे उत्तर दिले.

शेवटी आमच्या शिक्षिकांनी इमारतीत पाणी सोडणाऱ्या काकांना बोलावले. मुलांनी त्यांच्याबरोबर तळटाकी, पंप आणि गच्चीवरची टाकी पाहिली आणि येताना जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. नळ उघडला की पाणी येते एवढेच ठाऊक असलेल्या माझ्या मुलीने घरी येऊन विचारले, 'काका सुट्टीवर गेले तर?' तेव्हापासून ती त्यांना नावाने हाक मारून नमस्कार करते. आम्हाला पाच वर्षांत त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

माथाड्याची लेक

कोपरखैरणे. वडील तुर्भ्याच्या बाजार समितीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते, मूळ गाव साताऱ्याकडचे.

माझ्या भाच्याच्या वर्गात 'वजन' हा पाठ चालू होता, तेव्हा त्याच्या बाईंनी वडिलांना बोलावले. त्यांनी काही आणले नाही, नुसते विचारले, 'कांद्याची गोणी ५० किलोची, तर तुमच्यातली किती मुलं मिळून एक गोणी होईल?' शाळेत वजनकाटा होताच. भाच्याचे वजन २१ किलो भरले. त्याच्यासारखी दोन मुले घेतली तरी ४२ झाले, आठ किलो कमीच. मग आठ किलोत काय काय येईल याचा शोध सुरू झाला. दप्तरे काट्यावर ठेवून पाहिली, तेव्हा तीन दप्तरांत काम झाले. हे सगळे पाहत असताना एका मुलीने वडिलांना विचारले, 'आजोबा, तुम्ही आम्हा दोघांना आणि तीन दप्तरांना पाठीवर घेऊन दिवसातून किती वेळा चालायचात?' वडील थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, 'आज पोरांनी माझं काम मोजलं.' ४० वर्षांत त्यांच्या कामाबद्दल त्यांना असे कोणी विचारले नव्हते. आम्ही मुलांनीही नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे त्यांना हक्क मिळाले, आम्हाला घर आणि शिक्षण मिळाले, हे आम्ही जाणतो, पण एका गोणीचे वजन म्हणजे काय हे मलाही त्या दिवशीच समजले.

कळवा पूर्व

मी कळव्यात पहिलीला शिकवतो. वरील सर्व अनुभव मोलाचे आहेत, परंतु एक अडचण कोणी मांडली नाही. आमच्या वस्तीतले निम्मे पालक रोजंदारीवर आहेत. शाळेत यायचे म्हणजे त्यांचा खाडा होतो. मुलाच्या कौतुकासाठी आईने एका दिवसाचा रोज बुडवावा अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करावी? आणि जे येऊ शकत नाहीत त्यांची मुले दाराकडे बघत बसतात, ते मला पाहवत नाही.

चांगला अनुभवही सांगतो. एका मुलीचे वडील रेल्वेत ट्रॅकमन आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, हे आमच्याकडची मुले बालवाडीपासून घोकतात, पण रुळांखाली खडी का असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या गृहस्थांनी वर्गाच्या फरशीवर खडूने दोन रेघा मारल्या, बरोबर १६७.६ सेंटिमीटर अंतराने, कारण आपल्याकडच्या रुळांत तेवढे अंतर असते. मुले एकेक करून त्यांत आडवी झोपली आणि कोणाचेही डोके दुसऱ्या रेघेला टेकेना. मग त्यांनी ताटात खडे पसरून त्यांवर पट्टी ठेवली आणि पाणी ओतले. पाणी खाली निघून गेले, पट्टी जागची हलली नाही. नुसत्या मातीवर ठेवलेली पट्टी मात्र चिखलात सरकली. त्याच वेळी 'रुळावर पाय ठेवायचा नाही, पुलावरूनच जायचे' हे त्यांनी सांगितले. मी वर्षभर सांगतो त्यापेक्षा ते मुलांनी अधिक गंभीरपणे ऐकले. त्या रेघा पुसायला मुलांनी मला अजून परवानगी दिलेली नाही.

खाडीकाठ

कळवा पूर्व सर, खाड्याचा प्रश्न माझ्याही वर्गात आहे आणि त्यावर पूर्ण तोडगा मला सापडलेला नाही. जे करते ते सांगते. भेट शाळा भरतानाच्या पहिल्या २० मिनिटांत ठेवते, म्हणजे मुलाला सोडायला आलेली आई तशीच बसते आणि कामावर वेळेत पोहोचते. ज्यांना तेही शक्य नाही त्यांच्याकडून मी मुलाकरवी वस्तू मागवते : थापी, ओळंबा, गजऱ्याची सुई, ताकाची रवी. वस्तू टेबलावर ठेवून ते मूलच तिच्याविषयी सांगते, आणि प्रश्न त्याने घरी जाऊन विचारून यायचे. ओळंबा घेऊन आलेल्या मुलाने आमच्या वर्गाची भिंत तपासली आणि ती खिडकीपाशी वाकडी असल्याचे दाखवून दिले. त्याचे काका आजवर शाळेत आलेले नाहीत, पण वर्गाला ते ठाऊक आहेत. वर्षअखेरीपर्यंत प्रत्येक घरातून एक माणूस किंवा एक वस्तू आलीच पाहिजे, याची नोंद मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर ठेवते. ज्यांच्या नावापुढे जानेवारीपर्यंत काही नसते त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन येते.

बाहेर नेण्याबाबत एवढेच, की मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमती आणि दहा मुलांमागे एक मोठे माणूस याशिवाय मी फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांना नुसत्या सहीपुरते न बोलावता अशा वेळी सोबतीला घ्यावे.

नौपाडाकर सर, पाठाशी जोडण्याची आपली सूचना वाचून जुलैतल्या भेटीतली एक गोष्ट लिहायची राहिली हे लक्षात आले. आजी जायला उठल्या तेव्हा एका मुलीने विचारले, 'खाडीत पाणी कधी येणार ते तुम्हाला मोबाइलवर कळतं का?' आजी म्हणाल्या, 'तिथी सांग, मी भरती सांगते.' मग त्यांनी बोटांवर दाखवले : चार तिथींना तीन तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता पाणी पूर्ण चढणार. मी फळ्यावर एका बाजूला ४, ८, १२ आणि दुसऱ्या बाजूला ३, ६, ९ लिहिले. क्षणभर शांतता होती, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, 'बाई, हा चारचा पाढा आणि तो तीनचा!' दोन्ही पाढे आम्ही त्याच महिन्यात पाठ करत होतो.

त्या दिवसापासून वर्गात दिनदर्शिकेशेजारी भरतीचा कागद लावलेला आहे. खाडीकाठी राहणारी मुले पाणी पाहून येतात आणि वेळ सांगतात, आम्ही ती आजींच्या हिशेबाशी ताडून पाहतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. का होतो, हे मुलांनी आजींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, की पाणी समुद्रातून खाडीत आत यायला वेळ घेते, आणि दिवाळ्याला येते तेव्हा ऐरोलीला अजून यायचे असते. आता वर्गाला ऐरोलीच्या एखाद्या दुसरीच्या वर्गाशी वेळा जुळवून पाहायच्या आहेत. वाचकांत ऐरोली, घणसोली किंवा ठाण्याच्या खाडीकाठचे कोणी शिक्षक असतील तर कृपया इथेच कळवावे. पुढची अष्टमी सोमवारी आहे. त्या दिवशी आमची मुले सायंकाळी सहापासून धक्क्यावर, आपापल्या घरच्यांसोबत असतील.

मिठागर

बाई, मी ऐरोलीचा नाही, पण आमच्या गावाच्या उघाडीजवळ, म्हणजे खाडीचे पाणी अडवायच्या दाराजवळ, पाणी दिसते. सोमवारी वडिलांना आणि मुलाला घेऊन उभा राहीन आणि वेळ इथे लिहीन. वडील आत्ताच म्हणाले, की सहाला तिथे पाणी पुरे चढलेले नसेल, साडेसहा तरी होतील.